डावा सांधा

लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक सायकलच्या सांध्यावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग दुसऱ्या हाताने सीट दाबत म्हणायचं, "हं. बोल."

हे ‘बोल’ सायकलला असायचं. समोर उभं असलेलं गिऱ्हाईक हमखास फसायचं आणि आपली कहाणी सुरू करायचं. डोळे न उघडता उत्तर यायचं, "तुम्ही नाही."

मीही पहिल्या दिवशी असाच फसलो. पुढे मी त्यांच्याकडून ज्या प्रमाणात फसलो, त्या मानाने ते काहीच नव्हतं.

त्यांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर त्यांचं कौतुक होईल, आणि माझा राग अजून तेवढा उतरलेला नाही. सगळे त्यांना काका म्हणायचे, आपणही काका म्हणू. हडपसरला आमच्या मागच्या गल्लीतल्या एका जुन्या सोसायटीत, पार्किंगच्या कोपऱ्यात त्यांचा कारभार चाले. कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. बाहेर पाटी नव्हती. पुण्यात खोचक पाटी लावणारे पुष्कळ आहेत. पाटीच न लावणं ही त्याच्या वरची पायरी. "ज्याला यायचंय तो विचारत येतो. ज्याला विचारायची लाज वाटते त्याची सायकल वाजू दे."

माझी वाजत होती.

पन्नाशी ओलांडताना माणूस काहीतरी करतोच. कुणी बासरी शिकतो, कुणी केस काळे करतो. मी डोंगरात चालवायची सायकल घेतली. मागे-पुढे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली. ज्यांनी अशी सायकल जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: तिच्या मागच्या चाकाचा सांगाडा पुढच्याला घट्ट जोडलेला नसतो, तर दाराच्या बिजागऱ्यांसारख्या सांध्यांवर हलता असतो. खड्डा आला की सांधे वाकतात, धक्का शॉकमध्ये जिरतो आणि बसणाऱ्याचं बूड शाबूत राहतं. कल्पना सुंदर आहे. फक्त हे सांधे कोरडे पडले की सायकल बोलायला लागते. बोपदेव घाटात माझ्या प्रत्येक पेडलला ‘कुर्र’ असा आवाज यायचा. सोबतचे म्हणायचे, "आज उसाचा रस आल्याचा का साधा?"

मी माझ्या बुद्धीने उपाय केला आणि मगच काकांकडे गेलो.

"तेल मारलंत?" त्यांनी सांध्यावरून बोट फिरवून विचारलं.

"थोडंसं."

"दाराला मारता तसं?"

"हो."

"मग दारच चालवायचं."

एवढं बोलून त्यांनी सायकल स्टँडवर टांगली. आधी सीट काढली, सीटचा दांडा पुसून परत बसवला, पेडलं आवळली. "आवाज ऐकू येतो तिथे नसतो," हे त्यांचं लाडकं वाक्य. सांगाडा पोकळ असतो, त्यामुळे पुढचा आवाज मागे ऐकू येतो आणि मागचा पुढे. मग त्यांनी शॉक सोडवला आणि मागचा सांगाडा नुसत्या हाताने वर-खाली करत एकेक सांधा तपासला. पेडलच्या मागचा सांधा सापडला. उघडला तर आत बेअरिंगच्या भोवती माझं तेल आणि बोपदेवची माती यांची लालसर पेस्ट. रॉकेलने धुणं, वाळवणं, काजळ घालावं तसं करंगळीने ग्रीस भरणं, आणि शेवटी टॉर्क पान्याने आवळणं. पाना ‘टक’ म्हणाला की थांबायचं. "त्याच्यापुढे अर्धा वेढा जास्त दिला की आपली अक्कल दिसते."

सायकल मुकी झाली. मी इतका खूश झालो की तिथेच उभं राहून त्यांच्या सत्काराचं भाषण केलं. लग्नं, एकसष्ट्या, सत्कार यांचं सूत्रसंचालन हा माझा धंदाच आहे, मला वेळ लागत नाही. भाषण संपल्यावर ते म्हणाले, "छान. आता ती चिंधी द्या इकडे." त्या दिवसापासून माझं नाव ‘वक्ते’ पडलं.

मग शनिवारची सकाळ त्यांच्याकडे जाऊ लागली. त्यांच्यात एक गंमत मी पाहिली होती, तुम्हीही पाहिली असती. ते कुणाच्याही सायकलवर बसत नसत. दुरुस्तीनंतर मेकॅनिक एक चक्कर मारून बघतो की नाही? हे नाही. गिऱ्हाइकालाच पार्किंगमध्ये गोल गोल फिरवायचे आणि स्वतः स्टुलावर बसून ऐकायचे. मला ती त्यांची ऐट वाटायची. मोठा गवई काही स्वतः तंबोरा उचलत नाही, तसं काहीतरी.

काही महिन्यांनी आवाज परत आला. पहिल्यासारखा दणदणीत नाही, बारीक. ‘कट्, कुर्र’. मी गोल गोल फिरलो. काका ऐकत होते. मला थांबवलं, परत फिरवलं. उभं राहून पेडल मारायला लावलं, मग बसून. नेहमी मिटलेले डोळे त्या दिवशी उघडे होते, आणि त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतलाच नाही.

"सांधा आहे," ते शेवटी म्हणाले. "डावा."

"मग उघडा ना."

ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. "उघडतो," म्हणाले.

त्यांनी सायकल उघडली, सगळे सांधे धुतले, ग्रीस भरलं, टक करून आवळलं. आवाज राहिला. परत उघडली. परत राहिला. असं वर्षभर चाललं. दर वेळी मी विचारायचो, "काय वाटतं काका?" आणि ते निदान सांगायचे.

"झीज आहे."

"इतक्यात?"

"वयाने होते. जोरात रेटू नका. चढावर हलका गिअर ठेवत जा."

एकदा म्हणाले, "थंडी पडली की जास्त कुरकुरेल. जरा गुंडाळून ठेवा." आणि एकदा, "जिने टाळा. लिफ्ट आहे ना तुमच्याकडे?"

मी आज्ञाधारक माणूस आहे. डिसेंबरात मी सायकलच्या डाव्या सांध्याला बायकोची जुनी शाल गुंडाळली. व्यवस्थित, वर सेफ्टी पिन लावून. आणि जिने टाळायचे म्हणून सायकल लिफ्टमधून न्यायला लागलो. आमची लिफ्ट एवढीशी. सायकल आत उभी केली की माणूस मावत नाही. म्हणून मी सायकलला आत ठेवायचो, बटण दाबायचो, आणि ती खाली पोचायच्या आत पोचावं म्हणून स्वतः जिन्यावरून धावत सुटायचो. रोज.

हसा. मीही हे स्टेजवर सांगतो तेव्हा इथे हशा घेतो.

आणि एक सांगायचं राहिलं. त्या वर्षी मी घाटात चांगलाच सुधारलो. आधी मधल्या वळणावर पाय टेकायचो, आता थेट वर. सोबतचे लोक चकित. मी दम कसा वाढवावा यावर त्यांना व्याख्यान देऊ लागलो. माथ्यावर पोचल्यावर मागे पुण्याची धूसर पसरण आणि पुढे सासवडकडचा मोकळा उतार, ते दोन्ही एकदम दिसतं ना, त्या जागेसाठी मी आठवडाभर लोकांच्या लग्नात गोड बोलत असे.

एका रविवारी बायकोला घेऊन गाडीने कानिफनाथला गेलो. सायकल घरी, बाल्कनीत. देवळाच्या पायऱ्या चढायला लागलो, आणि आवाज आला. ‘कट्, कुर्र’.

मी मागे वळून पाहिलं. खरंच सांगतो, सायकल मागे आली की काय असं पाहिलं.

अजून एक पायरी. कुर्र. मी थांबलो. आवाज थांबला. बायको म्हणाली, "काय झालं?"

"तुला ऐकू आला?"

"कोण? तुमचा गुडघा?"

"माझा गुडघा?"

"अहो, तो तर केव्हाचा वाजतो. स्वयंपाकघरात असले तरी मला कळतं तुम्ही सोफ्यावरून उठलात. मला वाटलं तुम्हाला माहिती आहे."

पायरीवर बसून मी हसून हसून बेजार झालो. येणारेजाणारे बघत होते. मला दुःख वगैरे काही झालं नाही. मला दिसत होता तो किस्सा! कसला किस्सा सापडला होता! एक माणूस वर्षभर सायकल दुरुस्त करतोय आणि बिघाड त्याच्या चड्डीखाली. कधी एकदा काकांना सांगतो असं झालं. परतताना गाडी थेट त्यांच्या पार्किंगमध्ये घातली.

ते एका चाकाच्या तारा ओढत होते.

"काका, हातातलं ठेवा! आवाज सापडला! आता ओळखा, कुठे होता? ओळखा!"

त्यांनी मान वर केली नाही. "गुडघा ना? डावा."

सूत्रसंचालकाच्या आयुष्यात असा क्षण येतो, की पाहुण्याने त्याचाच विनोद आधी सांगून टाकावा. मी म्हणालो, "तुम्हाला माहिती होतं?"

"सांगितलं होतं की."

"कधी?"

"दर वेळी. सांधा आहे म्हणालो. डावा म्हणालो. झीज आहे म्हणालो. सायकलचा म्हणालो का?"

तुम्ही हे व्याकरण बघा. ‘वयाने होते.’ ‘जोरात रेटू नका.’ ‘गुंडाळून ठेवा.’ कुणाचा, कशाचा, हे आपल्या भाषेत सांगावं लागत नाही, समोरच्याने समजून घ्यायचं असतं. मी पोटापाण्यासाठी शब्द विकतो, आणि या माणसाने वर्षभर एका गाळलेल्या शब्दाच्या मागे लपून मला फिरवलं. एकही वाक्य खोटं नव्हतं. खोटं असतं तर बरं झालं असतं. खोटं बोलणाऱ्याचा निदान हात धरता येतो.

मी म्हणालो, "आणि मी त्या सायकलला शाल गुंडाळत होतो!"

"काय?"

"शाल. सांध्याला. तुम्हीच म्हणालात ना थंडीत गुंडाळा."

हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या हातातली तार सुटली. मी त्यांना त्याआधी कधी हसताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते स्टुलावर पुढेमागे झुलत हसले, डोळे पुसत हसले. "सायकलला... शाल..." मीही हसत होतो. पण लिफ्टची गोष्ट मी त्यांना सांगितली नाही.

डॉक्टरांनी मात्र हसण्यासारखं काही ठेवलं नाही. फोटो उजेडासमोर धरून म्हणाले, "हे आजचं नाही. वर्षभर आधी आला असतात तर व्यायामावर भागलं असतं. आता चढ बंद."

"किती दिवस?"

"दिवस नाही. बंद. सपाट रस्त्यावर सायकल चालवा हवी तेवढी."

सपाट रस्त्यावर! मला सोलापूर रोडने मगरपट्ट्याच्या सिग्नलपर्यंत जायला ती सायकल घ्यायची होती का?

या खेपेला मी काकांकडे किस्सा घेऊन गेलो नाही. ते एकटेच होते. मी उभ्याउभ्या डॉक्टरांचं वाक्य सांगितलं, जसंच्या तसं. ‘वर्षभर आधी’ हे दोनदा सांगितलं.

ते म्हणाले, "हं."

"हं काय? तुम्हाला पहिल्या दिवशी कळलं होतं काका. एक शब्द बोलायचा होता. ‘गुडघा’. तीन अक्षरं."

त्यांनी पाना खाली ठेवला. "मला डॉक्टरने सांगितलं तेव्हा माझे दोन्ही गुडघे तुमच्या डाव्यापेक्षा बरे होते," ते म्हणाले. "चढ बंद, म्हणाला. घरी आलो, सायकल पुसली, टांगली. परत बसलो नाही."

"सपाटीवरसुद्धा नाही?"

"पाय वर गेला की वाटायचं, झिजतोय. पेडल मारलं की झिजतोय. जिना चढलो की झिजतोय. हे एकदा डोक्यात गेलं की जात नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही वर्षभर घाट चढलात ना?"

"ते ठरवणारे तुम्ही कोण?"

या माणसाचं उत्तर प्रश्नाच्या आधी तयार असायचं. या वेळी त्यांनी चिंधी उचलली आणि स्वच्छ असलेले हात पुसत राहिले. मी वाट बघितली. एक ‘चुकलं’ पुरलं असतं. तेवढ्यावर मी त्यांना मिठी मारायला तयार होतो, मी तसा स्वस्त माणूस आहे. पण त्यांनी चिंधीची घडी घातली, आणि मला, आयुष्यात पहिल्यांदाच, टाळ्या घेईल असं एकही वाक्य सुचलं नाही.

आपण निघताना ‘येतो’ म्हणतो. भांडून निघालो तरी म्हणतो. मी "जातो" म्हणालो. त्यांनी ते ऐकलं. ऐकण्यात तर त्यांचा हात कुणी धरला नसता.

त्यानंतर मी त्या गल्लीने जाणं सोडलं. शनिवारी सकाळी व्यायाम करतो, भिंतीला पाठ लावून. बायको मोजते. गुडघा वाजतो, ती म्हणते, "काका आठवण काढतायत." मी पुढचा आकडा विचारतो. चारचौघांत शालीचा किस्सा सांगतो, खूप चालतो. फक्त त्यातला मेकॅनिक मी मूर्ख करून टाकलाय. त्याला शेवटपर्यंत काही कळत नाही. तेवढा सूड मला परवडतो.

शेवटी सायकल काढून टाकायची ठरवली. वाघोलीच्या रस्त्यावर एक चकाचक दुकान आहे, तिथे घेऊन गेलो. तिथल्या मेकॅनिक मुलीने सायकल स्टँडवर लावली, पेडल फिरवलं, वाकून पाहिलं, पट्टीने काहीतरी मोजलं.

"सर, हे क्रँक, पेडलचे दांडे, ओरिजिनल नाहीयेत. छोटे आहेत. आणि चेनचं पुढचं चक्र पण लहान बसवलंय. कोणी केलं हे?"

"असेल तसंच आधीपासून."

"नाही नाही, कंपनीतून असं येत नाही. सीट पण थोडी वर, थोडी मागे घेतलीय. हे मुद्दाम केलंय सर. हे आम्ही गुडघेवाल्यांना करून देतो. छोटे क्रँक म्हणजे गुडघा कमी वाकतो, लहान चक्र म्हणजे चढ सोपा." तिने मागचे सांधे हाताने हलवून पाहिले. "आणि हे तर नव्यासारखे ठेवलेत. खूप विचार करून सेट केलीय कुणीतरी."

मी तिथल्या उंच स्टुलावर बसलो. म्हणजे दर वेळी ती सायकल उघडी पडली होती तेव्हा तिच्यावर काम चाललं होतं आणि माझ्यावरही. आणि मला पत्ता नाही. रुग्ण समोर उभा राहून गप्पा मारतोय आणि शस्त्रक्रिया चालू! घाट सोपा वाटायला लागला होता तो म्हणून. मी ज्याच्यावर व्याख्यानं दिली तो दमसुद्धा माझा नव्हता.

मला कुणी इतकं फसवलं नव्हतं. आणि माझ्या गुडघ्यासाठी कुणी इतका वेळ वाकूनही बसलं नव्हतं. या दोन गोष्टी एकाच माणसाने, एकाच पान्याने कराव्यात, याला काय म्हणायचं मला कळेना.

सायकल परत गाडीला बांधली आणि हडपसरला यायला लागलो. वाटेत भाषण तयार केलं. पहिलं वाक्य भांडणाचं, दुसरं त्याहून कडक. क्रँकचं तिसऱ्यात. त्यानंतर काय म्हणायचं होतं ते मला नीट ठाऊक नव्हतं, पण बोलायला लागलो की मला सुचतं.

कोपऱ्यात एक गाडी उभी होती, राखाडी आच्छादन घातलेली. स्टँड नाही, स्टूल नाही. गाडीमागच्या भिंतीवर खिळ्यांच्या रांगा, आणि प्रत्येक खिळ्याखाली काळ्या रंगाने काढलेली एकेका पान्याची आकृती. लहान, मोठे, वाकडे. पाने टांगलेले होते तोवर त्या आकृत्या मला कधी दिसल्याच नव्हत्या.

वॉचमन आला. "कोण पायजे?"

"काका."

"गेले की. पोरीकडं."

"कधी?"

"झालं बरंच. टेम्पो आला, सामान भरलं, गेले."

"काही सांगून गेले? माझ्यासाठी? वक्ते म्हणून?"

"न्हाय बा. ते कुठं कुणाला काय सांगतात?"

ते खरंच होतं. पण मी तयारी करून आलो होतो, आणि तयारी केलेलं भाषण पोटात ठेवणं मला जमत नाही. मी त्या आच्छादनावर हात टेकवला आणि भिंतीकडे तोंड करून सुरू केलं. भांडणाचं वाक्य म्हटलं. कडक वाक्य म्हटलं, जरा मोठ्यानेच. क्रँकचं म्हणताना आवाज नीट लागला नाही. त्यानंतरचंही सुचलं, सुचेल तसं म्हणत गेलो. ते इथे लिहीत नाही.

वॉचमनने सगळं ऐकून घेतलं. मी थांबलो तेव्हा समजुतीच्या सुरात म्हणाला, "पण साहेब, ते तर गेले."

"अहो, तेच तर सांगतोय मी मघापासून," मी म्हणालो.